निमगडे सर आणि पन्नास लिटर मठ्ठा

निमगडे सरांच्या मठ्ठ्याची गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेल, याला मोजमाप नाही. लग्नाच्या पंगतीत सांगितली, एस.टी.च्या थांब्यावर सांगितली, निवृत्तीच्या समारंभांत सांगितली. एकदा तर दवाखान्यात हाताला सलाईन लावलेली असताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितली आणि त्याला हसून ठसका लागला म्हणून नर्सबाईंची बोलणी खाल्ली. ‘साहेबानं ग्लास तोंडाला लावला’ इथे मी थांबतो, गाल फुगवतो, डोळे बाहेर काढतो. चामोर्शी तालुक्यात ही गोष्ट माझ्याइतकी चांगली कोणालाच सांगता येत नाही, असं लोक म्हणतात.

माझ्या गोष्टीत सरांच्या बीजगणितानं मठ्ठा खारट होतो आणि सगळे हसतात. गोष्ट मजेदार आहे. फक्त खोटी आहे. खरी काय ते मी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. विषय त्या बाजूला वळला की मी खोकत असे, किंवा पाणी मागत असे, किंवा सरळ गाल फुगवत असे.

मागच्या हिवाळ्यात सर वारले. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला, त्यांचा मुलगा प्रशांत वीज केंद्रात नोकरीला आहे तिथे, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, चार माणसं बोलली. मग प्रशांतनेच माझ्या हातात माईक दिला. म्हणाला, ‘काका, बाबांची मठ्ठ्याची गोष्ट सांगा ना. लोकांले थोडं हसू द्या.’ आणि मी सांगितली. तीच. सरांच्या फोटोसमोर उभं राहून, गाल फुगवून. मंडप हसला. प्रशांतही डोळे पुसत हसला.

घरी आल्यावर मी ठरवलं की आता पुरे. बोलून जमत नाही असं दिसतं, तर लिहू.

आम्ही दोघं चामोर्शीच्या एका शाळेत बरोबर होतो. ते गणित शिकवत, मी मराठी. सर उंच, किडकिडीत, शर्ट नेहमी पांढरा. दोन्ही खिशांत खडू. खडूचा हात पुसायची जागा म्हणजे पँटची डावी मांडी. त्यामुळे त्यांच्या सगळ्या पँट उजवीकडून काळ्या आणि डावीकडून करड्या दिसत. एकदा धोब्यानं विचारलं, ‘सर, ह्या दोन पँटा कापून एक शिवली का जी?’ सरांना राग आला नाही. ते म्हणाले, ‘समजा शिवली असती, तं काळं कापड किती लागलं असतं?’ धोब्यानं पुन्हा कधी काही विचारलं नाही.

‘समजा’ हा त्यांचा शब्द. जेवणाचं आमंत्रण दिलं तरी, ‘समजा मी आलो...’ असं सुरू होई, आणि यजमान बिचारा धास्तावून उभा राही.

मूळचे ते वरोऱ्याचे. वडील तिथल्या जिनिंगमध्ये कामाला होते. कोरडा कापूस आणि पाणी मारलेला कापूस एकाच बैलबंडीत कसा येतो, हे सरांनी लहानपणी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांची खात्री झाली होती. ‘भाऊ, दुनियेत शुद्ध असं काईच नाई. सगळं मिश्रण हाये. कशात काय किती, एवढंच शोधाचं असते.’ त्यांच्या लेखी दहावीच्या गणितात एकच खरा धडा होता, तो म्हणजे मिश्रणाची उदाहरणं. बाकीचे धडे मंडळानं पुस्तक जाड दिसावं म्हणून घातले होते.

सोमवारच्या बाजारात शंकरच्या टपरीवर आम्ही चहा घेत असू. सर एक गोड चहा आणि एक फिका चहा मागवत, आणि दोन्ही तिसऱ्या ग्लासात थोडे थोडे ओतून पाहत बसत. गोड दोन भाग, फिका एक भाग. मग परत थोडा फिका. शंकर हातातलं भांडं खाली ठेवून बघत राही.

‘सर, तुम्ही चहा पेऊन राह्यले का दवाई बनवून राह्यले?’

‘शंकर, तुह्या चहात साखर किती टाकतं तू?’

‘अंदाजानं टाकतो जी.’

‘अंदाज म्हणजे काय? अंदाज म्हणजे आळशी माणसाचा एक्स.’

चहा थंड झालेला असे. तो ते समाधानानं पीत.

एक्स या गृहस्थाबद्दल सरांचं मत फार चांगलं होतं. आमच्याकडे जंगलातल्या गावांहून वसतिगृहात राहायला आलेली पुष्कळ मुलं होती. फळ्यावर इंग्रजी अक्षर आलं की ती अंग चोरून बसत. सर त्यांना म्हणत, ‘एक्सले भेता काऊन रे? थो पाहुणा हाये. घरी आला, बसवा त्याले. नाव-गाव विचारू नका. घरच्या मंडळीशी त्याचं नातं लावा. जेवण होईस्तोवर थोच सांगते का मी कोण हाये म्हणून.’

कुसुम मडावी म्हणून एक धीट पोरगी होती. ती उठून म्हणाली, ‘सर, दोन पाहुणे आले तं?’

‘तं दोन समीकरणं लागते बाई. एका चटईवर दोन पाहुणे नाई बसत.’

वर्ग हसला, पण गंमत अशी की त्या वर्षी दोन चलांची समीकरणं एकालाही चुकली नाहीत. शिक्षकांच्या खोलीत मात्र आम्ही महिनाभर पाहुण्यांवरून त्यांची थट्टा करत होतो. त्यात मी पुढे असे.

तोंडी शिकवून त्यांचं समाधान होत नसे. मिश्रण म्हटलं की मिसळलंच पाहिजे. फाल्गुनात पोरांकडून पळसाची फुलं आणवून त्यांनी दोन बालट्या रंग तयार केला. एक गडद, एक फिका. तिसऱ्या बालटीत ठरावीक रंग बनवायचा. वर्गात चाळीस पोरं, रंगाच्या दोन बालट्या आणि फाल्गुन महिना. काय होणार ते सरांशिवाय सगळ्यांना दिसत होतं. आरडाओरडा ऐकून हेडमास्तर चिताडे धावत आले. नवा कोरा सफारी होता. आत शिरताच त्यांना पाठीमागून प्रसाद मिळाला.

‘निमगडे!’ ते ओरडले. ‘ही शाळा आहे का रंगपंचमी?’

सरांनी वर्गाकडे नजर फिरवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘अंदाजे तीस टक्के रंगपंचमी, सर.’ मग हेडमास्तर वळले तसा त्यांच्या पाठीवरचा डाग दिसला आणि सरांचा चेहरा उजळला. ‘पोरं हो, पाहा पाहा! हाच रंग आपल्याले पायजे होता!’

पोरं जवळून पाहायला आली. हेडमास्तरांना हलता येईना.

मला स्वतःला त्यांच्या बीजगणिताचा प्रसाद मिळाला तो तापात. बायको माहेरी गेली होती आणि मी घरात एकटा फणफणत पडलो होतो. सर रोज दोन वेळा येत. पेज करून पाजत, कपाळावर पट्ट्या ठेवत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तशी मी आंघोळीची इच्छा बोलून दाखवली. सर म्हणाले, ‘थंड्या पाण्यानं नाई कराची. जास्त गरमही नाई. अडतीस अंश पायजे.’ मी टॉवेल गुंडाळून न्हाणीतल्या दगडावर बसलो. सरांनी उकळतं पाणी उतरवलं आणि खडू काढला.

‘समजा, बालटी पंधरा लिटरची. उकळतं पाणी शंभर अंश. विहिरीचं पंचवीस धरू. उकळतं एक्स लिटर टाकलं...’ न्हाणीच्या भिंतीवर समीकरण उतरू लागलं. ‘दोन पूर्णांक सहा दशांश लिटर!’ ते म्हणाले. मग लोट्यात किती मावतं ते ठरेना. ते ठरलं, तोवर त्यांनी पातेल्याला बोट लावलं आणि चेहरा पाडला.

‘भाऊ, हे आता शंभर नाई राह्यलं.’

‘राहू द्या ना सर, ओता तसंच.’

‘तसं कसं? दिलेली माहिती बदलली. पह्यल्यापासून कराव लागते.’

पाणी पुन्हा चुलीवर गेलं. मी दगडावर कुडकुडत होतो. दुसऱ्या खेपेला समीकरण तयार होतं, पण लोटा विहिरीवर राहिला होता. शेवटी मला पुन्हा हुडहुडी भरली आणि आंघोळ न करताच मी पांघरुणात शिरलो. सर पायाशी बसून माझे तळवे चोळत होते आणि पुटपुटत होते, ‘रीत बरोबर होती. चुकलं कुठी?’

त्याच रात्री जेवताना त्यांनी मला सांगितलं होतं, ‘भाऊ, उदाहरणात जे दिलेलं असते ना, त्याच्यावर शंका नाई घ्याची. पाच लिटर म्हटलं का पाच लिटर. तेवढा भरोसा ठेवला नाई, तं पुढं पाऊलच नाई टाकता येत.’

आता मठ्ठा.

तालुक्याचं विज्ञान आणि गणिताचं प्रदर्शन त्या वर्षी आमच्या शाळेत होतं. गडचिरोलीहून मोठे साहेब येणार होते. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर माझा डोळा होता. हेडमास्तरांनी स्वागताचं भाषण मला दिलं आणि भोजनाची व्यवस्थाही मलाच दिली. दोन्ही कामं चोख पार पडली तर जागा माझी, असं त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या शाळेत तेवढं पुरे होतं.

स्वयंपाकाला शेवंताबाई होती. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी आणि उन्हाचा म्हणून मठ्ठा. पन्नास लिटरच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, मठ्ठा तयार झाला. शेवंताबाई म्हणाली, ‘मास्तर, चारशे ग्राम मीठ टाकजा जी. मले भात पाह्यचा हाये.’

मी किलोची पुडी फोडली आणि गंजापुढे उभा राहून भाषणाचा सराव सुरू केला. ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय, झाडीपट्टीच्या या पावन भूमीत आज ज्ञानगंगा अवतरली आहे...’ ‘अवतरली’ला मी हात वरून खाली आणत असे. हात आला, पुडी आली, मीठ आलं. सगळं. मला पत्ता नाही. पुढचं वाक्य आठवेना म्हणून मी पुन्हा ‘सन्माननीय’पासून सुरुवात केली. हातातली पुडी रिकामी दिसली तेव्हा मला वाटलं, मीठ टाकायचं राहूनच गेलं आहे आणि ही पुडी सकाळच्या वरणाची असावी. दुसरी फोडली. ज्ञानगंगा पुन्हा अवतरली.

त्यानंतर दोन रिकाम्या पुड्या शेजारी शेजारी दिसल्या तेव्हा काय झालं ते मला कळलं. एक मी तशीच राहू दिली. दुसरी चुलीत घातली.

शेवंताबाई परत आली, गंज घुसळला, तळहातावर थेंब घेतला आणि मागच्या मागे थुंकली. ‘अगा माय! मास्तर, मठ्ठा हाये का काय हाये हे? ढोरं नाई पिणार!’

तेवढ्यात हेडमास्तर आले. त्यांच्या मागे निमगडे सर.

‘कुनघाडकर, मीठ किती टाकलं?’ हेडमास्तरांनी मला विचारलं.

एक पुडी म्हणजे चूक झाली. दोन पुड्या म्हणजे माणूस मूर्ख ठरला. एवढा विचार मी एका श्वासात केला.

‘चुकून पुडी पूर्ण गेली, सर. एक किलो.’

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. पण निमगडे सरांचा चेहरा मात्र बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवासारखा झाला.

‘एक किलो? नक्की ना, भाऊ?’

‘नक्की.’

‘अन् गंजात मठ्ठा पन्नास लिटर. हे तं उदाहरणच झालं!’ त्यांनी प्रदर्शनातला फळा उचलून चुलीजवळ आणवला. पोरं गोळा केली. त्यात कुसुम मडावी पुढे. ‘पाहा रे. पन्नास लिटरमध्ये एक किलो, म्हणजे लिटरमागं वीस ग्राम. आपल्याले पायजे आठ ग्राम. गंज तं भरला हाये, वरून टाकता येत नाई. मंग? समजा, एक्स लिटर मठ्ठा काढला आणि तेवढाच बिनमिठाचा टाकला. उरला किती? पन्नास वजा एक्स. त्यातलं मीठ? त्याच्या वीस पट. थे असाले पायजे चारशे. सांग कुसुम, पाहुणा कोण हाये?’

‘तीस, सर!’

‘तीस लिटर काढा! तीस लिटर बिनमिठाचा टाका!’

दही होतं, पाणी होतं. शेवंताबाईनं तीस लिटर नवा मठ्ठा घुसळला. काढलेला खारा मठ्ठा शाळेमागच्या पपईला घातला. ती पपई त्या आठवड्यातच गेली. हेडमास्तर म्हणाले, ‘एकदा चाखून पाहा.’ सर गंजापुढे हात पसरून उभे राहिले.

‘कोणी चाखाचं नाई! जिभेनंच करायचं होतं, तं बीजगणित कायले पायजे?’

‘सर, बोटावर थोडासाक घेतो ना,’ शेवंताबाई म्हणाली.

‘बाई, बोट मागं घ्या.’

मी तिथेच उभा होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मी मराठीचा माणूस. कवितेत एखादा शब्द इकडेतिकडे झाला तरी अर्थ सावरून घेता येतो. मला मनापासून वाटलं, बीजगणितही असंच काहीतरी सावरून घेत असेल.

साहेब आले. जीपमधून उन्हात आलेले, घामाघूम. सरांनी स्वतः ग्लास पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘साहेब, हा मठ्ठा चाखून नाई, सोडवून बनवला हाये. आमच्या पोरांनी सोडवला.’

साहेबांनी कौतुकानं मान डोलावली आणि अर्धा ग्लास एका दमात घेतला. पुढे तीनशे पोरं बसलेली. थुंकणार कुठे? त्यांचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, कान लाल झाले. पण साहेब सभ्य माणूस होता. गिळला.

‘कसा आहे, साहेब?’ सरांनी विचारलं.

‘उत्तम,’ साहेब म्हणाले. आणि थोड्या वेळानं, ‘पाणी.’

तोवर रांगेतले बाकीचेही प्यायले होते. एक विस्तार अधिकारी हातपंपाकडे पळाले. त्यांच्या मागे सरपंच. कोणीतरी हसलं, मग पोरं हसली, मग सगळं मैदान हसलं. साहेबही रुमाल तोंडाला लावून हसले. निमगडे सरांनी गंजातून स्वतःसाठी एक ग्लास भरून घेतला. सगळा प्यायले, हळूहळू. मग फळ्यापाशी गेले आणि समीकरणाच्या प्रत्येक ओळीवर बोट फिरवू लागले. मी जवळच होतो. ‘बरोबर हाये,’ ते म्हणत होते. ‘हेही बरोबर हाये. मंग असं काऊन?’

खरं उत्तर मी त्या संध्याकाळी घरी कागदावर काढलं. सरांच्याच रीतीनं. मीठ दोन किलो धरलं की काढायचा मठ्ठा चाळीस लिटर येतो. रीत अगदी बरोबर होती. मी कागदाचा बोळा केला.

भाषण चांगलं झालं. पर्यवेक्षकपद मला मिळालं.

सरांना काय मिळालं, तर बाजारात शंकर ओरडू लागला, ‘सर, चहा चाखून देऊ का सोडवून देऊ?’ ताक विकणाऱ्या बाया त्यांना पाहून मडकं पदरानं झाकत. लग्नात भाजी बिघडली की कोणीतरी विचारी, ‘निमगडे सरले बलावलं होतं काय?’ फळ्यावर रोज कोणीतरी ग्लासाचं चित्र काढी. सर ते पुसत, हात मांडीला पुसत, आणि शिकवू लागत. हे सगळं चालवण्यात माझा वाटा मोठा होता. गोष्ट सगळ्यांत आधी मी रंगवली. ती रंगत गेली तसतशी कोणी मिठाच्या पुडीबद्दल विचारीनासं झालं. मला तेच हवं होतं.

पुढच्या वर्षी मिश्रणाचा धडा आला. कुसुमची धाकटी बहीण आता त्या वर्गात होती. तिनं विचारलं, ‘सर, बालट्या कधी आणता?’

‘त्याले परीक्षेत दोनच गुण हाये, बाई,’ सर म्हणाले. ‘पुस्तकात सोडवलेलं हाये. घरी वाचजा. चला, पुढचा धडा.’

मी शेजारच्या वर्गात होतो. भिंत पातळ होती. ज्या धड्याला दोन आठवडे आणि एक सफारी लागत असे, तो सरांनी खडू न उचलता संपवला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो धडा शिकवला नाही. दरवर्षी तसाच उलटून टाकला.

मला एकटं गाठून मात्र ते विचारत. ‘भाऊ, दह्यात आधीच मीठ असते काय?’ ‘भाऊ, कोणी लिंबू पिळलं होतं काय?’ एका रविवारी शाळेत गेलो तर सर एकटेच आवारात पँट गुडघ्यापर्यंत वर करून बसलेले. लिटरच्या मापानं तो गंज पाण्यानं भरत होते, पन्नासचाच आहे ना ते पाहायला. मी फाटकातूनच परतलो.

एकदा मात्र त्यांनी धीर केला. खाली पाहत म्हणाले, ‘भाऊ, राग नोका मानू. पुडी एकच होती ना?’

मी केवढा भडकलो! खोटं बोलणाऱ्या माणसाला राग फार चांगला येतो. ‘म्हणजे मले खोटा म्हणता काय, सर? मी मुद्दाम केलं काय?’ शिक्षकांची खोली जमा झाली. सर हात हलवत, ‘नाई भाऊ, तसं नाई, तसं नाई,’ म्हणत मागे सरत गेले. मी पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ताप आल्यावर ज्यानं पेज पाजली, त्याच्याशी. शेवटी तेच माझ्या घरी आले आणि ‘समजा, मी चुकलो...’ असं सुरू केलं. मी मोठ्या मनानं त्यांना चहा पाजला.

आम्ही दोघं निवृत्त झालो. सर प्रशांतकडे ऊर्जानगरला गेले. फोनवर बोलणं होई, पण फोनवर माफी मागता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं. प्रत्यक्ष भेटायला गेलो की गर्दी असे. असं करत वर्षं गेली. मग एक दिवस प्रशांतचा फोन आला की बाबांची तब्येत बरी नसते, येऊन जा काका. मी मूलमार्गे चंद्रपूरची बस धरली. वाक्य तयार केलं होतं. छोटं होतं. यावेळी ज्ञानगंगा वगैरे नव्हती.

क्वार्टरच्या वऱ्हांड्यात सर खुर्चीवर बसले होते. स्वेटर, कानटोपी, मांडीवर पाटी. मला पाहून ते उठले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या क्वार्टरमधली बाई बाहेर आली.

‘भाऊ! सापडलं!’

‘काय सापडलं, सर?’

‘मठ्ठा! बसा, बसा पह्यले.’ त्यांचे डोळे लहान पोरासारखे झाले होते. ‘सून सरबत बनवून राह्यली होती. वरचं पेलो तं फिकं, खालचं पेलो तं गोड. अन् एकदम टूब पेटली! भाऊ, मीठ तळाले बसलं होतं! आपण तीस लिटर काढला थो वरचा काढला. खारा सगळा खालीच राह्यला! मी ढवळा म्हणून सांगतलंच नाई. जिंदगीभर मिश्रण मिश्रण केलं, अन् मिसळाचंच इसरलो!’ ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. ‘समीकरण बरोबर होतं, भाऊ. रीत बरोबर होती. एवढंच मले पाह्यचं होतं.’

शेवंताबाईनं गंज तळापासून घुसळला होता. माझ्या डोळ्यांसमोर घुसळला होता. मी तोंड उघडलं.

‘सर, मी एक सांगाले आलो होतो...’

‘थांबा, माह्यं पह्यले आइका.’ त्यांनी पाटी बाजूला ठेवली. ‘मी तुमच्यावर शक घेतला होता. पुडी एकच होती ना म्हणून इचारलं. सगळ्यांसमोर तुमचं मन दुखलं. मले थे कायम लागून राह्यलं, भाऊ. चूक माही होती, अन् मी तुमच्याकडं बोट दाखवलं.’ आणि त्या माणसानं, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या माणसानं, माझ्यापुढे हात जोडले. ‘माफ करा.’

सून चहा घेऊन आली. तिच्यासमोर मी म्हणालो, ‘असू द्या, सर.’

मग त्यांनी मला दोन तास मिश्रणाची उदाहरणं ऐकवली. कॉलनीतल्या पोरांना सोमवारपासून पुन्हा शिकवायला घेतलं होतं म्हणे, बालट्यांसकट. सून कुरकुरत होती की घरात एकही बालटी जागेवर राहत नाही. इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगितलं तर हा आनंद जाईल, की दुप्पट होईल, याचं उत्तर मला काढता येईना. आणि ज्याला ते काढता आलं असतं, त्याला विचारता येत नव्हतं.

बसथांब्यापर्यंत ते काठी टेकत सोबत आले. नको म्हटलं तरी आले. ड्युटीवर निघालेली माणसं कंपनीच्या बसची वाट पाहत उभी होती. त्यांना सर सांगत होते, ‘हे आमचे कुनघाडकर भाऊ. लय मोठ्या मनाचा माणूस.’ माझी बस आली. मी खिडकीशी बसलो. सर खाली उभे राहिले, कानटोपी सरकलेली, स्वेटरची डावी बाजू खडूनं पांढरी. बस हलली तशी त्यांनी काठीनं बसच्या पत्र्यावर टकटक केली. ड्रायव्हरनं ब्रेक लावला.

‘भाऊ, मनापासून माफ केलं ना?’

‘केलं, सर.’

बस निघाली. त्यांनी काठी वर करून हलवली आणि वळण येईपर्यंत हलवत राहिले.

पुड्या दोन होत्या, सर. दुसरी मी चुलीत घातली. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.